गिळलेला ‘व’

ओलाव्सोका. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हा शब्द जपानी वाटला होता, ओसाकाच्या अलीकडचं एखादं स्टेशन असावं तसा. पण आहे फॅरोइज भाषेतला. स्कॉटलंड, नॉर्वे आणि आइसलँडच्या मधोमध अटलांटिकमध्ये 18 बेटं आहेत, फॅरो बेटं, तिथल्या जेमतेम पन्नास-पंचावन्न हजार लोकांची ही भाषा. बेटं डेन्मार्कच्या राजाच्या छत्राखाली, पण 1948 पासून घरचा कारभार घरचेच बघतात. इंटरनेटवर या बेटांबद्दल दोनच गोष्टी सापडतात, एक तिथल्या मेंढ्या आणि दुसरं म्हणजे बेटांच्या नावाचा अर्थच ‘मेंढ्यांची बेटं’ आहे ही माहिती. ती इतक्यांनी इतक्या वेळा लिहिलीये की मी त्यात पडत नाही.

माझा या शब्दाशी संबंध आला तो कोपनहेगनच्या ऑफिसात. जुलै संपत आला की आमच्याकडची एक सहकारी गायब होते आणि तिच्या ऑटो-रिप्लायमध्ये शेवटी दोनच शब्द असतात, ‘गोउवा ओलाव्सोकु’, म्हणजे ओलाव्सोकाच्या शुभेच्छा. ती परत आल्यावर कॉफी घेताना मी विचारलं, की बाई हे आहे काय. तर म्हणे ओलाव राजाचा सण, 28 आणि 29 जुलै, आमचा सगळ्यात मोठा. मी म्हटलं ओलाव कळला, पुढचं सोका काय? ती विचारात पडली. म्हणाली, सोका म्हणजे काही नाही ग, ओलाव्सोका म्हणजे ओलाव्सोका. बरोबरच आहे की, आपण तरी रोज बोलताना शब्द कुठे फोडत बसतो. पण मला ही खोड लहानपणापासून आहे, सुट्टीत वर्तमानपत्राच्या शब्दकोड्यांवर वाढलेली पिढी आमची, तर मी घरी येऊन शब्दकोश उघडला.

गंमत अशी की शब्द जिथे तुटतो असं वाटतं तिथे तो तुटतच नाही. ‘ओलाव’ अधिक ‘सोका’ नाही, तर ‘ओलाव्स’ अधिक ‘वोका’. पहिल्याच्या शेवटचा ‘स’ हा षष्ठीचा, ओलावची या अर्थाचा. आणि दुसरा शब्द वोका, जुन्या नॉर्स भाषेत (म्हणजे व्हायकिंग लोकांच्या भाषेत) वाका, अर्थ जागणं, जागर. ओलावचा जागर! आता ‘ओलाव्स-वोका’ हे भराभर म्हणून बघा, दोनतीनदा म्हणा, स आणि व यांची टक्कर होते आणि व जातो. ओलाव्सोका. शेकडो वर्षं जिभांवर फिरून फिरून तो ‘व’ गिळला गेला आणि मागे राहिला एक ‘सोका’, ज्याला एकट्याला कुणी ओळखत नाही.

हे नुसतं शब्दकोशात लिहिलंय म्हणून मानायचं असं नाही. नॉर्वेत हाच सण आहे आणि तिथे त्याचं नाव ऊल्सोक. त्यांनी तर व पण घालवला आणि शेवटचा आ पण, मधला ‘आव’ही खाऊन टाकला. शिवाय त्यांच्याकडे जूनमध्ये संत योहानचा सण असतो, तो योन्सोक. दोन वेगळे संत, दोन्हीकडे मागे तेच ‘सोक’. म्हणजे शेपूट एकच आहे. फॅरोमध्ये पण योहानचा सण आहेच, योआन्सोका, त्याच्यावर शेवटी येते.

आता वाकाचं वोका का झालं? मला हा भाग फार आवडतो त्यामुळे जरा थांबते, ज्यांना व्याकरणाचा कंटाळा त्यांनी पुढचा पॅरा सोडला तरी चालेल.

जुन्या नॉर्समध्ये वाका हे प्रथमेचं रूप, बाकीच्या विभक्त्यांमध्ये त्याचं वोकू व्हायचं. शेवटी उ आला की तो उ मागच्या आ-ला आपल्याकडे ओढतो, ओठ गोल होतात. मग काय झालं, तर ‘सणाला’, ‘सणाच्या’, ‘सणात’ ही रूपंच रोजच्या बोलण्यात जास्त, एकटी प्रथमा कमी, म्हणून फॅरोच्या लोकांनी त्या गोल ओठांच्या रूपावरूनच नवीन प्रथमा बनवली, वोका. (हा ओ लिहिताना आडवी रेघ मारलेला ओ काढतात आणि म्हणताना तोंडात ए धरून ओठ मात्र ओ-चे करायचे, मला अजून नीट जमत नाही.) आइसलँडच्या लोकांनी मात्र जुनं रूप तसंच ठेवलं. त्यामुळे दोन्ही भाषा शेजारी शेजारी ठेवल्या की पाढ्यासारखं दिसतं: आइसलँडमध्ये गोष्टीला सागा, फॅरोत सोगा. तिकडे रस्ता गाटा, इकडे गोटा. तिकडे वाका, इकडे वोका. आणि तिकडे विक्रीला साला (हसू नका), इकडे सोला. या शेवटच्या सोलाचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे तिथलं सरकारी दारूचं दुकान, रूसद्रेक्कासोला, शब्दशः नशा-पेय-विक्री. एवढा प्रामाणिक बोर्ड मी जगात दुसरीकडे कुठे पाहिला नाही. 1907 मध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून बेटांवरची दारूविक्रीच बंद केली होती, ती थेट 1992 मध्ये हे सरकारी दुकान आलं तेव्हा सुरू झाली.

बरं, ‘व’ गेला तो गेला, पण लिहिण्यातही परत आला नाही याचं मला नवल वाटतं. कारण फॅरोइजचं आजचं शुद्धलेखन ज्यानं बसवलं तो व्ही. यू. हामेर्सहाइम्ब हा माणूस पक्का व्युत्पत्तीवाला. 1846 मध्ये त्यानं ही लिहिण्याची पद्धत मांडली. त्याच्या आधी शेकडो वर्षं चर्च, कोर्ट, शाळा सगळं डॅनिशमध्ये, आणि फॅरोइज फक्त तोंडी, लांबच लांब पोवाड्यांमध्ये आणि घरात. त्यानं काय केलं तर उच्चार न बघता शब्दाचं कूळ बघून स्पेलिंग ठरवलं. जुन्या नॉर्समधलं ते डी-ला रेघ मारलेलं अक्षर फॅरोत त्याच्या जुन्या आवाजानं कुणीच म्हणत नव्हतं, तरी त्यानं ते जागच्या जागी बसवलं. माझी ही सहकारी ज्या बेटावरची आहे त्याचं नाव अक्षरांनुसार वाचलं तर सुदुरोय, दक्षिण बेट, पण म्हणतात सुवुरोय. तो द फक्त पूर्वजांच्या आदराखातर. इतका कुळाचार पाळणाऱ्या शुद्धलेखनात ओलाव्सोकाचा व मात्र आला नाही. माझा आपला अंदाज असा, की तोवर हा शब्द लोकांसाठी दोन तुकड्यांचा उरलाच नव्हता, आणि जिथे सांधाच दिसत नाही तिथे दुरुस्ती कोण करणार.

सांधा दिसत नव्हता याचा पुरावा तर त्यांच्या कॅलेंडरमध्येच आहे. मध्ययुगातल्या चर्चच्या हिशोबात मोठा सण आदल्या संध्याकाळी सुरू व्हायचा. लोक रात्रभर चर्चमध्ये जागायचे, प्रार्थना करायचे, आणि सकाळी सण. ही आदली रात्र म्हणजे वाका. म्हणजे खरं तर ओलावचा दिवस 29 जुलै आणि ओलावचा जागर 28 जुलैच्या रात्री. पण नाव पडलं ते रात्रीचं, आणि रात्रीच्या नावानंच अख्खा सण ओळखला जायला लागला. पुढे ‘वोका’ विसरली, मग पंचाईत झाली, की आता आदल्या दिवसाला काय म्हणायचं? तर त्याला म्हणतात ओलाव्सोकुआफ्तान. आफ्तान म्हणजे संध्याकाळ. ओलावच्या आदल्या रात्रीची आदली संध्याकाळ! आपला पिवळा पितांबर बरा. आणि 29 तारखेला म्हणतात ओलाव्सोकुदावुर, ओलावच्या आदल्या रात्रीचा दिवस.

हा ओलाव कोण, तर ओलाव हाराल्डसन, नॉर्वेचा राजा. संत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टाळ-चिपळ्या येतात, याच्या हातात कुऱ्हाड असते. नॉर्वेच्या राजचिन्हातला सिंह पुढच्या पंजात जी कुऱ्हाड धरून उभा आहे ती याचीच. यानं नॉर्वेत ख्रिस्ती धर्म पसरवला तो बराचसा धाकदपटशानं. 1028 मध्ये गादी सोडून पळावं लागलं, 1030 मध्ये परत आला, आणि 29 जुलैला स्टिकलेस्ताद नावाच्या ठिकाणी लढाईत मेला, समोर परका शत्रू नव्हता, त्याच्याच देशातले शेतकरी आणि सरदार होते. वर्षभरानं प्रेत उकरलं तर केस आणि नखं वाढलेली होती असं जुन्या राजकथांमध्ये सांगितलंय, आणि 1031 च्या ऑगस्टमध्ये ग्रिमकेल बिशपनं त्याला संत जाहीर करून टाकलं. ज्यांनी मारलं त्यांचाच वर्षभरात संत. राजकारण म्हणून बघितलं तर अगदीच ओळखीचं वाटतं.

(फॅरोमध्ये ख्रिस्ती धर्म आणला तो मात्र याने नव्हे, तो आधीचा ओलाव, त्रुग्वासन. तिथल्या नाचाच्या पोवाड्यांत जो ओलाव राजा जहाज घेऊन येतो तो बहुतेक वेळा हा आधीचा असतो. दोघांचा घोळ सगळेच घालतात.)

ओलाव हे नाव तरी एकसंध आहे का, तर तेही जोडकाम. हजारभर वर्षं अजून मागे गेलं तर ते ‘अनु-लाइबाझ’ असं होतं असं अभ्यासक मांडतात. अनु म्हणजे पूर्वज, आणि लाइबाझ म्हणजे मागे उरलेला, राहिलेला. पूर्वजांचं मागे उरलेलं जे काही, ते. मुलाला ठेवायला किती छान नाव आहे. मधला ‘न’ नॉर्समध्ये विरघळून गेला, फक्त नाकातला सूर राहिला आणि मग तोही गेला. पण इंग्लंडमधल्या जुन्या इतिहासनोंदींमध्ये हेच नाव ‘आनलाफ’ असं लिहिलेलं सापडतं, न सकट. म्हणजे व्हायकिंग इंग्लंडमध्ये शिरले तेव्हा त्यांच्या नावातला न शाबूत होता निदान ऐकणाऱ्याच्या कानात तरी. आणि आयर्लंडमध्ये जी मॅकऑलिफ आडनावाची मंडळी आहेत ती याच ओलाव नावाची लेकरं.

या लाइबाझचं मूळ जे आहे, चिकटून राहणं या अर्थाचं, तेच आपल्या लिप् धातूचं. लेप, लिंपणं. चिकटतं ते उरतं, म्हणून इंग्रजीत लीव्ह आणि लाइफ, आणि आपल्याकडे ओटा लिंपणं. आणि वाका? मला वाटलं होतं जागर आणि वाका ही सख्खी भावंडं निघतील, तर अजिबात नाही. जागरचा नातेवाईक निघाला ग्रेगरी! ग्रीकमध्ये त्या नावाचा अर्थ जागा असलेला, सावध. वाकाचं कूळ वेगळं, ताकदीचं, जोमाचं. इंग्रजीतलं वेक, वॉच, लॅटिनमधलं व्हिजिल आणि व्हिगर, आणि संस्कृतात त्याच घरातला ‘वाज’, म्हणजे बळ, आणि ‘वज्र’. म्हणजे ओलाव्सोकाच्या त्या गिळलेल्या व-चा एक चुलतभाऊ इंद्राच्या हातात आहे आणि दुसरा आयुर्वेदिक दुकानांच्या ‘वाजीकरण’च्या पाटीवर. हे मी ऑफिसात सांगितलं नाही. काही गोष्टी समजावून सांगताना जास्त वाईट होतात.

आता मुद्द्याची गोष्ट. 1536-37 मध्ये डेन्मार्क-नॉर्वेत धर्मसुधारणा झाली, ल्युथरचा पंथ आला, संतांची सद्दी संपली. नॉर्वेतल्या त्रोंधाइमला ओलावची चांदीची पेटी होती, जिच्यासाठी अख्ख्या उत्तर युरोपातून लोक पायी यायचे, ती इथे कोपनहेगनला आणली आणि वितळवली. जागर, मेणबत्त्या, संताची विनवणी, सगळं बंद. फॅरोमधली बिशपची गादीसुद्धा गेली. म्हणजे शब्दातला व लोकांच्या जिभेनं घालवला आणि शब्दामागचा जागर राजाच्या हुकमानं. खरं तर तिथेच हा शब्द मरायला हवा होता. इंग्लंडमध्ये असेच गावोगाव ‘वेक’ होते, गावच्या चर्चच्या संताचा आदल्या रात्रीचा जागर, त्याची पुढे जत्रा झाली आणि मग लँकेशायरच्या गिरण्यांमध्ये तर वेक्स वीक म्हणजे गिरणी बंद ठेवायचा आठवडा, कामगार बायकापोरं घेऊन ब्लॅकपूलला समुद्रावर. नाव राहिलं पण संताचा पत्ता नाही.

फॅरोत वेगळं झालं. मी एकदा त्या सहकारीच्या नादानं तोर्शहाव्नला, म्हणजे त्यांच्या राजधानीला, जाऊन हे बघून आले. 28 ला दुपारी होड्यांच्या शर्यती, सहा माणसांची, आठ माणसांची, दहा माणसांची होडी, आणि नावंही तशीच, सेक्समान्नाफार म्हणजे सहा-माणसांचं-वाहन. मला शर्यतीतलं काही कळलं नाही, माझ्या शेजारचे आजोबा मात्र आपल्या गावची होडी मागे पडली म्हणून जे काही बोलत होते ते शब्दकोशात नक्की नसणार. दुसऱ्या दिवशी मिरवणूक. त्यांच्या संसदेचं, लोगटिंगचं, नवीन वर्ष 29 जुलैला सुरू होतं. छोटंसं लाकडी सभागृह, 1856 मधलं, तिथून खासदार आणि पाद्री रांगेनं चर्चमध्ये जातात, प्रवचन ऐकतात, परत येतात, आणि मग त्यांचे पंतप्रधान भाषण करतात. पाऊस पडत होता, भुरभुर, आडवा. पाद्रींच्या काळ्या झग्यावर गळ्याभोवती ती जुनी पांढरी चुण्याचुण्यांची गोल कॉलर, आणि ती भिजून एका बाजूनं हळूहळू मान टाकत होती, आणि ते तसेच गंभीरपणे चालत होते. मला तेव्हा एकदम लक्षात आलं, की हे ल्युथरचे पाद्री. ज्या पंथानं संत मोडीत काढले त्या पंथाचे लोक संताच्या दिवशी, संताच्या जागराचं नाव असलेल्या सणाला, पावसात मिरवणुकीत चालतायत. आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटत नाही.

पण खरी गोष्ट रात्री. 29 च्या मध्यरात्री गावाच्या मधोमध हजारो लोक जमतात आणि एकत्र गातात. स्टेजवर कुणी मोठा कलाकार वगैरे नाही, सगळेच गातात. अर्ध्या लोकांच्या अंगावर राष्ट्रीय पोशाख, बायकांच्या पदरासारख्या शालींना चांदीचे बिल्ले, पुरुषांच्या जाकिटांना चांदीची बटणं, आणि सगळीकडे भिजलेल्या लोकरीचा वास. जुलैअखेर इतक्या उत्तरेला काळोख धड होत नाही, आकाश राखाडी-निळं तसंच राहतं. गाणी संपली की तिथल्या तिथे कडं धरायचं. डावीकडे दोन पावलं, उजवीकडे एक. वाद्य नाही, कुणीतरी एक जण पोवाड्याचं कडवं उचलतो आणि धृपद सगळ्यांचं. कोपरं आत वाकवलेली, शेजाऱ्याचा हात आपल्या हातात घट्ट, आणि ताल फक्त पायांचा. माझा एक हात एका कॉलेजातल्या पोराच्या हातात आणि दुसरा एका आजींच्या, ज्यांची पकड त्या पोरापेक्षा दुप्पट. मी उजवीकडच्या पावलाला चुकले की आजी मान न वळवता नुसता हात खाली दाबायच्या. कडं मोठं झालं की आत वळतं, दुमडतं, आणि मग समोरून तेच लोक येत राहतात, त्यांचे चेहरे आपल्या चेहऱ्यासमोरून जातात, शे-दोनशे कडव्यांचा पोवाडा असतो, घाई कुणालाच नाही.

पहाटे कधीतरी मी आजींना मोडक्यातोडक्या डॅनिशमध्ये विचारलं की घरी कधी जाणार. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काहीतरी अशुभ बोलले. आज झोपायचं नसतं, म्हणाल्या. का झोपायचं नसतं, तर ओलाव्सोका आहे म्हणून.

आजींना वोका ठाऊक होती की नव्हती देव जाणे, मी विचारलं नाही. पण चर्चनं बंद केलेला जागर आजी करत होत्या. आपल्याकडे कोजागरीला लक्ष्मी ‘को जागर्ति’ विचारत येते असं सांगतात, आणि त्या प्रश्नाचंच सणाला नाव पडलं, पण गच्चीवर मसाला दूध पिणाऱ्या किती जणांना तो प्रश्न कानावर येतो? तरी जागतातच सगळे, निदान दूध उकळेपर्यंत. अर्थ विसरला तरी सवय विसरत नाही, असं एखाद्या विद्वानाला सांगितलं तर तो म्हणेल उन्हाळ्यात उजेडच असतो, बार उघडे असतात, लोक जागणारच. म्हणू दे. मग नॉर्वेत का नाही जागत? ऊल्सोक तिथे आजही आहे, चर्चमध्ये कार्यक्रम होतात, स्टिकलेस्तादला नाटक होतं, पण देशभर सुट्टी नाही की रात्रभर कडं नाही. मला वाटतं फॅरोत तो टिकला तो संसदेमुळे. लोगटिंग ओलावच्या दिवसाला बांधलेलं राहिलं, लांबलांबच्या बेटांवरून लोक होड्या वल्हवत तोर्शहाव्नला येत राहिले, आणि परक्या गावी रात्र काढायची तर झोपणार कुठे. म्हणजे संत गेला पण निमित्त राहिलं. हे माझं मत, इतिहासकार वेगळं सांगतील कदाचित.

आणि डेन्स? ते पण जूनमध्ये संत योहानची आदली रात्रच साजरी करतात, शेकोट्या पेटवून, फक्त त्यांनी नाव ठेवलं आफ्तेन, संध्याकाळ. सांक्त हान्स आफ्तेन. त्यामुळे दहा-अकराला बऱ्यापैकी आवरतं घेतात.

माझ्या सहकारीला मी हे सगळं सांगितलं, वाज-वज्र वगळून. तिला सोकाचा व सापडल्याचं कौतुक वाटलं, पण लगेच म्हणाली, तू चुकीच्या सणाला गेलीस. खरी मजा योआन्सोकाला, जूनमध्ये, आमच्या सुवुरोयवर. तिथेही शर्यती, तिथेही कडं, एका वर्षी त्वोरोयरी गावात आणि पुढच्या वर्षी वागुर गावात, आणि दोन्ही गावांचं आपसात पटत नाही त्यामुळे आणखीनच मजा. मी म्हटलं तिथे पण रात्रभर जागतात का? जागावंच लागतं, म्हणाली. तोर्शहाव्नची बोट सकाळशिवाय नसते.